सुगावरावांच्या गालावरचे ठसे

यंदा कूलर मार्चमध्येच माळ्यावरून उतरवावा लागला. तिन्ही बाजूंना वाळ्याची नवी खस लावली, टाकीत पाणी भरलं, बटण दाबलं आणि ओल्या गवताचा तो वास खोलीभर झाला. हा वास आला की लोकांना हायसं वाटतं. मला मात्र आताशा थकल्यासारखं होतं. आमचं घर किला गेटजवळ, दुसऱ्या मजल्यावर. किल्ल्याचा दगड दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते सगळं आमच्या खिडकीत ओततो. बाहेरून येणारे किल्ल्याच्या भव्यतेबद्दल बोलतात, आम्ही त्याच्या धगीबद्दल. ग्वाल्हेरचा उन्हाळा लागला, म्हणजे आता चार महिने सरदार सुगावरावांना फ्रिजबाहेर काढायचं नाही.

सुगावराव म्हणजे वीतभर उंचीचे मातीचे गुप्तहेर. आत तारेचा सांगाडा, वर शाळेतली मुलं खेळतात ती न वाळणारी रंगीत माती, डोक्यावर शिंदेशाही पगडी आणि स्वतःच्या बुद्धीबद्दल भलताच गैरसमज. माझी थोरली बहीण आणि मी, दोघांनी मिळून पाच वर्षं त्यांची विनोदी मालिका केली. एकेक भाग सात-आठ मिनिटांचा. माझी मुलगी अवनी बंगळुरूला असते. ती तिकडे बसून चित्रं आणि आवाज जुळवायची आणि इंटरनेटवर टाकायची. गुप्तहेरकथांत जे जे असतं ते सगळं आमच्याकडे होतं, पण त्याची पार वाट लावलेली. सुगावराव सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात जमवत आणि इतकं लांबलचक भाषण ठोकत की चहावर साय धरायची, संशयित पेंगायला लागायचे आणि शेवटी चोर कंटाळून स्वतःच गुन्हा कबूल करायचा. बेडई पुरीच्या भाजीतला बटाटा कोणी पळवला, तिळाच्या गजकच्या डब्यात खडे कोणी भरले, असली प्रकरणं. त्यांची मदतनीस एक पाल. काही संशयास्पद दिसलं की ती भिंतीवरून चुकचुकायची. सुगावराव तिला हाकलून देऊन भाषण पुढे चालू ठेवायचे.

सुगावरावांचा आवाज माझा, संवादही माझे. पण त्यांचा जीव होता जिज्जीच्या हातात. थोरल्या बहिणीला आमच्या घरात जिज्जी म्हणतात. चार पिढ्यांपूर्वी आमचे लोक दक्षिणेतून इथे आले तेव्हा ताई म्हणत असतील, पण इथलं पाणी प्यायल्यावर तिची जिज्जी झाली. शाळेत तिनं तीस-बत्तीस वर्षं हस्तकला शिकवली. लग्नानंतर सहाव्या वर्षी ती एकटी झाली आणि परत आमच्याकडे आली. पायातली जोडवी तिनं काढून ठेवली होती. त्यातलं एक सराफ्यातल्या ओळखीच्या कारागिराकडे नेऊन तिनं त्यात काच बसवून घेतली. तेच सुगावरावांचं भिंग. मला हे कळलं तेव्हा मी ते उजेडात धरून उलटसुलट बघितलं. ती म्हणाली, "डब्यात पडून काय करून राहिलं होतं ते? आता कामाला लागलं."

पगडीसाठी आम्ही टोपी बाजारातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे गेलो होतो. माप म्हणून जिज्जीनं पिशवीतून नुसतं मुंडकं काढून काउंटरवर ठेवलं. मास्तरांनी चष्मा वर केला. "किसका सिर है ये, बहनजी?" "सरदार साहब का," जिज्जी गंभीरपणे म्हणाली. त्यांनीही तितक्याच गंभीरपणे फीत काढून मुंडक्याचा घेर मोजला आणि विचारलं, "रोज पहनेंगे या सिर्फ़ दशहरे पर?"

काम असं चालायचं. बाहुलीला किंचित हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा किंचित हलवायचं, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा फोटो. सुगावरावांनी मिशीला पीळ दिला की आमची सकाळ संपली. आणि हे सगळं उन्हाळ्यात, कारण बाकी आठ महिने जिज्जीच्या शिकवण्या असत. पहाटे पाचला उठायचं, खिडक्यांना गोधड्या लावायच्या, म्हणजे उजेड बदलायला नको. कूलर बंद, कारण त्याच्या वाऱ्यानं सेटवरचे पडदे हलतात. नऊच्या आत आटपायचं. नऊनंतर माती मऊ पडते, सुगावरावांचे खांदे उतरतात आणि नाक ओघळायला लागतं. मग सगळी मंडळी फ्रिजमध्ये. आमच्या घरात अंडं येत नाही, त्यामुळे फ्रिजच्या दारातल्या अंड्यांच्या खोबण्या रिकाम्याच होत्या. त्यांत संशयितांची मुंडकी ओळीनं बसायची. खाली बाटल्यांच्या जागी सुगावराव, शेजारी कैरीचं पन्हं. एकदा मीटरवाल्याला गार पाणी द्यायला म्हणून मी फ्रिज उघडला, तर तो पाणी न पिताच निघून गेला.

किती हलवायचं, याची जिज्जीची मापं स्वयंपाकघरातली होती. राईभर, तीळभर, तांदूळभर, हरभराभर. हळू चालीला राईभर, दचकायला हरभराभर. टेबलाच्या कडेला एका वाटीत ते दाणे खरोखरच ठेवलेले असत. मी कधी मदतीला म्हणून हात पुढे केला, की ती पट्टीनं बोटावर मारायची. "तुझी बोटं म्हणजे केळी आहेत, बापू. तू बोल. बोलायला बोटं लागत नाहीत." पाच वर्षांत तिनं मला सुगावरावांना एकदाही शिवू दिलं नाही.

मातीवर तिच्या अंगठ्याचे ठसे उमटायचे. गालावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर. नीट काम करणारे लोक ते पुसून गुळगुळीत करतात म्हणे. पण आमच्या उन्हाळ्यात मातीला जितकं चोळावं तितकी ती चिघळायची, म्हणून जिज्जीनं ते तसेच सोडले. मग मला एक भाग सुचला. सुगावराव भिंग घेऊन ठसे शोधतात. कपावर ठसा, दारावर ठसा, चोराच्या मानेवर ठसा, पालीच्या पाठीवर ठसा आणि आरशात बघितलं तर स्वतःच्या नाकावरही तोच. ते ओरडतात, "सगळे ठसे एकाच माणसाचे! आणि तो माणूस इतका मोठा आहे की तो आपल्याला दिसतच नाही!" मग घाबरून वर बघतात आणि पगडी काढून नमस्कार करतात. हा भाग खूप लोकांनी पाहिला. जिज्जीला तो फारसा आवडला नव्हता. "मला देव कशाला केलास?" म्हणाली. पण नंतरच्या भागांत ठसे जरा ठसठशीत दिसायला लागले होते, हे माझ्या लक्षात आलं.

हे लिहिताना मी मध्येच दोनदा उठलो. एकदा जिज्जीला औषध द्यायला आणि एकदा तिच्या ब्लाउजचं बटण लावायला. आता चार-चार तासांनी गोळी असते. तिला घास भरवायचा असतो, केस विंचरायचे असतात, आणि केळ्यासारख्या बोटांनी वेणी घालणं काय असतं ते माझं मलाच ठाऊक. मी थकलो आहे. हे लिहिलं पाहिजे, कारण बोललं तर तिला ऐकू जाईल. परवा डाळीची वाटी तिच्या मांडीवर सांडली आणि मी ओरडलो. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मी ती डाळ पुसत बसलो.

मला आठवतो तो उन्हाळा तीन वर्षांपूर्वीचा. तीन भाग करायचे ठरलं होतं. लूच्या झळा अशा चालल्या होत्या की दुपारी बाड्याच्या चौकात कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. पहिल्या भागात सुगावराव चहाचा कप उचलतात असं साधं दृश्य होतं. सकाळचं काम झाल्यावर मी फोटो जोडून पाहिले, तर कप थरथरत होता. अगदी थोडासा, पण दिसण्याइतका. भाषण फसणार याची त्या बढाईखोर माणसाला आतून भीती वाटते आहे, असं काहीतरी त्या कपातून दिसत होतं. मी तोंडात बोट घातलं. अवनीचा फोन आला, "बाबा, ये तो कमाल है! कप कसला थरथरतोय! आत्याला सांग, और चाहिए असंच." लोकांनीही तेच लिहिलं. त्या कपावर लोक पोट धरून हसले.

मग मी काय केलं? मी पुढच्या भागात थरथर लिहिली. सुगावराव सही करतात, टाक थरथरतो. पगडी घालतात, पगडी थरथरते. पानाला चुना लावतात आणि चुना जातो थेट मिशीला. कागद जिज्जीला वाचून दाखवला तेव्हा मी स्वतःच हसत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, वाटीतले तीळ बोटानं फिरवले आणि म्हणाली, "जमेल." दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त गाजला.

तिसऱ्या भागाच्या वेळी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, तीही खऱ्या पालीमुळेच, म्हणजे आमच्या मातीच्या. त्या दृश्यात तिला हलायचंच नव्हतं. ती भिंतीवर गप्प बसून सुगावरावांकडे बघते, एवढंच. तरी पडद्यावर ती जागच्या जागी हलत होती. पाल हलत होती, भिंत हलत होती, बंद दार हलत होतं. मी वगळलेले फोटो उघडले. हात काढून घेण्याआधीच चुकून बटण दाबलं गेलं की असे फोटो निघतात. मी ते बाजूला टाकत असे, कधी नीट पाहत नसे. त्या दिवशी एकामागून एक पाहिले. सुगावराव स्पष्ट, पगडीची किनार स्पष्ट, कपाचा कानसुद्धा स्पष्ट. फक्त जिज्जीचा हात प्रत्येक फोटोत फराटलेला. तो हात कप हलवताना दर वेळी सेटला लागत होता, म्हणून भिंत हलत होती.

मी फोटो बघत तसाच बसून राहिलो. मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. ती आताशा अर्धाच कप चहा घेते. पेन्शनच्या कागदावर सही करायची वेळ आली की तिला पोळ्या आठवतात. साडीला पिन लावायला ती शेजारच्या सुनेला हाक मारते. सगळे पुरावे माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर, कितीतरी महिने. आणि मी काय करत होतो, तर भाषणं लिहीत होतो.

स्वयंपाकघरात गेलो. तिथे ती एकटीच, दोन्ही हातांनी पेला धरून उभी होती. मला सरळ विचारता येईना. म्हणून मी सुगावरावांच्या आवाजात म्हणालो, "सर्वांनी दिवाणखान्यात जमावं. गुन्हेगार आपल्यातच आहे."

तिनं पेला खाली ठेवला. "भाषण नको देऊस बापू, फार गरमी आहे. कबूल आहे. संक्रांतीपासून चाललं आहे. वड्या कापताना सुरी सरळ जाईना, तेव्हाच समजलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतकं छान लिहून राहिला होतास. कप थरथरतो, पगडी थरथरते. मला वाटलं, चला, हे तर माझ्याच कामाचं आहे. लोक हसतायत तोवर कोणी विचारणार नाही."

तिच्या आजारावर मी विनोद लिहिले होते. एक अख्खा भाग, पानंच्या पानं, आणि वाचून दाखवताना हसलोही होतो. मला त्या क्षणी जी लाज वाटली ती आजही तशीच आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला कागदावर गोल काढायला सांगितलं, चालायला सांगितलं आणि कंपवात आहे म्हणाले. येताना जिज्जी रिक्षात म्हणाली, "शेवटचं दृश्य राहिलं आहे."

ते दृश्य असं होतं. सगळे संशयित घरी गेले आहेत. सुगावराव पगडी काढून बसतात, हसतात, आणि पाल भिंतीवरून उतरून त्यांच्या खांद्यावर येते. चाळीस सेकंदांचं. अधुरं सोडून देऊ म्हटलं, तर ती भडकली. "पाच वर्षं लोकांना दाखवलं न, मग शेवट नाही दाखवायचा? हात तुझे घे. मी बसते."

"माझी बोटं केळी आहेत."

"केळी तर केळी. जी आहेत तीच लावू."

मला भीती बोटांची नव्हती, माझ्याच अंगठ्याची होती. मातीवर शेवटचा हात ज्याचा, ठसा त्याचा राहतो. सुगावरावांना हसवायचं म्हणजे गाल दाबावे लागणार आणि जिज्जीचे ठसे जाणार. तिच्या धडधाकट हाताचे एवढेच ठसे उरले होते. म्हणून मी लेखकाचा हक्क वापरला आणि रातोरात दृश्य बदललं. सुगावराव आमच्याकडे पाठ करून बसतात. चेहरा दिसतच नाही. जिज्जीनं ते वाचलं आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग रोज पहाटे ती स्टुलावर बसायची आणि मापं सांगायची. "पाल तीळभर खाली. अरे, तीळ, तीळ! हा हरभरा झाला. परत ने." माझा घाम सेटवर टपकायचा. नाकी नऊ आले, पण दृश्य झालं. पाल जरा लंगडत चालते. सुगावराव पाठमोरे का बसले, यावर लोकांनी फार खोल खोल विचार मांडले. खरं कारण कोणालाच कळलं नाही.

त्यानंतर तीन उन्हाळे मी त्यांना फ्रिजमधून काढलं नाही. कधी कधी दार उघडून, जोडव्याचं भिंग लावून त्यांचे गाल बघत असे. डाव्या गालावर तिचा अंगठा अगदी पूर्ण उमटलेला आहे, मधली भोवऱ्यासारखी रेघ आणि कडेची, सुरी लागून झालेली जुनी खूण, सगळं. अवनी दर महिन्याला विचारते, "बाबा, लोग पूछ रहे हैं, सुगावराव परत कधी?" मी म्हणतो आत्याची तब्येत बघ, माझं वय बघ, ही गरमी बघ. जिज्जी खुर्चीतून ऐकत असते. एकदा म्हणाली, "माझ्यावर नको ढकलूस. तो माझ्यासाठी थोडाच बसला आहे फ्रिजमध्ये." मी पेपर तोंडासमोर धरला. खरं सांगायचं तर तिचे ठसे हे कारण होतंच, पण थकवाही होता. एक माणूस राईराईनं हलवता हलवता माझे दिवस संपत होते, दुसरा कुठून हलवू?

गेल्या मंगळवारी सकाळी आठलाच लाइट गेली. गल्लीच्या तोंडावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. दुपारपर्यंत कूलरची खस वाळून कुडकुडीत झाली. मी जिज्जीला ओल्या पंच्यानं पुसत होतो, वारा घालत होतो, तिला पन्हं पाजत होतो. "कप तीळभर खाली," ती म्हणायची, आणि मी तीळभर खाली घ्यायचो. फ्रिजची मला आठवणच राहिली नाही. चारच्या सुमारास दाराखालून पाणी आलं तेव्हा धावलो.

संशयितांची मुंडकी खोबण्यांत बसून बसून चपटी झाली होती. सुगावराव तारेवर कसेबसे उभे होते. नाक मिशीवर आलेलं, हनुवटी अंगरख्यात गेलेली. डावा गाल घसरून लांब झाला होता आणि त्यावरचा अंगठाही गालाबरोबर लांबला होता. मी त्यांना ताटलीत ठेवून जिज्जीसमोर आणलं. का आणलं, माहीत नाही. लहानपणी काही फुटलं की तिच्याकडेच न्यायचो.

"गेले," मी म्हणालो.

"गेले काय? नाक वर घे."

"जिज्जी, गालावर तुझे ठसे आहेत. हात लावला की जातील."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा हात मांडीवर आपला आपण हलत होता. "म्हणून याला तीन वर्षं थंडीत उभा केलास?" तिला हसू आलं, आणि आता तिला हसायलाही वेळ लागतो. "येडा आहेस, बापू. पाठमोरा बसवलास तेव्हाच मला कळलं होतं. मला वाटलं, येईल याला अक्कल. अरे, माझे ठसे ठेवून तू काय करशील? मला तर तो हलताना बघायचा आहे. मी आहे तोवर."

बाहेर कोणीतरी म्हणत होतं, लाइट सहापर्यंत येईल.

"घे आता. डावा गाल. अंगठा लाव."

मी अंगठा लावला. माती उबदार होती, तव्यावरून उतरवून ठेवलेल्या पोळीइतकी. माझ्या अंगठ्याखाली तिच्या रेघा होत्या. त्या हाताला जाणवत नव्हत्या, पण मला माहीत होतं त्या तिथे आहेत. माझे डोळे भरून आले, आणि मला समोरचं दिसेना.

"किती दाबू?" मी विचारलं.

"तीळभर."

मी दाबलं.

"जास्त झालं," जिज्जी म्हणाली. "परत कर."